नस वाढते कशी, थांबते कशी: सारखे येणारे प्रश्न

दादाच्या हाताची नस कापली तेव्हापासून घरात, गल्लीत, कॉलेजात मला हेच प्रश्न येतात. मी यावल तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते, डॉक्टर नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. बीएस्सीची पोरं सिलॅबसमधलं विचारतात, शेजारच्या मावशी रिपोर्टचा फोटो पाठवून "हे बरं व्हई जाई ना?" विचारतात, आणि व्हॉट्सॲपवर घाईत दिलेलं उत्तर दर वेळी अर्धवटच राहतं, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहिलं. सोपं आधी घेतलंय, किचकट नंतर. एका ठिकाणी आलेलं परत लिहिलं नाही, नंबर दिलाय तिथं जाऊन बघा.

१. ताई, नस म्हणजे रक्ताचीच ना? मग तिच्यात वाढायचं काय आलं?

आपण बोलताना दोन वेगळ्या गोष्टींना नसच म्हणतो, तिथंच सगळा घोळ होतो. सलाईन लावताना सिस्टर "नस सापडत नाही" म्हणतात ती रक्तवाहिनी. आणि "कमरेत नस दबली, पायात मुंग्या येतात" म्हणतो ती चेता, म्हणजे नर्व्ह. खाली सगळीकडे नस म्हणजे नर्व्हच समजा. उघडून बघितली तर ती पांढरट दोरीसारखी दिसते आणि तिच्या आत हजारो बारीक तंतू असतात, सुताच्या लडीसारखे. त्यातला एकेक तंतू म्हणजे एकेका चेतापेशीचा लांब केलेला हात. पेशी स्वतः पाठीच्या कण्यात किंवा कण्याला लागून बसलेली असते, तिचा हात मात्र बोटाच्या टोकापर्यंत गेलेला असतो.

२. एका पेशीला असे हात किती असतात आणि ते केवढे लांब?

साधारण एक लांब हात असतो, त्याला ॲक्झॉन म्हणतात, तो निरोप बाहेर नेतो. बाकीच्या आखूड फांद्या म्हणजे डेन्ड्राइट, त्या बाहेरचा निरोप आत घेतात. पेशीचं अंग डोळ्याला दिसणार नाही इतकं छोटं, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तिचा ॲक्झॉन मोठ्या माणसात एक मीटरच्या आसपास भरतो. वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं दरवेळी स्वतःच्या पायाकडे बघतात.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे सुरुवातीला कुठली फांदी ॲक्झॉन होणार हे ठरलेलंच नसतं. उंदराच्या मेंदूतली कोवळी पेशी काचेच्या बशीत वाढवली तर आधी तिला चार-पाच सारख्याच आखूड फांद्या फुटतात, मग त्यातली एक अचानक पुढे पळायला लागते आणि तीच ॲक्झॉन होते. ती अगदी बुडाशी कापली तर उरलेल्यांपैकी दुसरी एखादी तिची जागा घेते. २००१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की सीआरएमपी-२ नावाचं प्रोटीन पेशीत जास्त भरलं तर एकाच पेशीला एकाहून जास्त ॲक्झॉन फुटतात. म्हणजे हा निवडीचा मामला सुद्धा प्रोटीनच्याच हातात आहे.

३. वाढणाऱ्या तंतूला रस्ता कसा कळतो? त्याला काय डोळे असतात का?

डोळे नाहीत, पण टोक असतं आणि सगळी हुशारी त्या टोकात असते. दोडक्याचा वेल मांडवावर चढताना बघितलाय ना, बुडखा जागेवरच असतो आणि शेंडा चाचपडत पुढे जातो, काही सापडलं की धरतो, नाही सापडलं की दुसरीकडे वळतो. ॲक्झॉनच्या टोकाला असाच एक पसरट पंजा असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. त्याला बारीक बोटं फुटलेली असतात आणि ती बोटं सतत बाहेर येतात, आत जातात, चाचपतात.

हे पहिल्यांदा ओळखलं रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, १८९० मध्ये, आणि तेही कोंबडीच्या गर्भाच्या मेलेल्या, रंग दिलेल्या कापांवरून. हलताना त्याने काहीच बघितलं नव्हतं, तरी त्याने सांगितलं की हे टोक जिवंतपणी ढकलत पुढे जात असणार. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भाचा तुकडा लिम्फच्या थेंबात टांगून ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली तंतू खरोखर वाढताना बघितले. तोवर पुष्कळ लोकांना वाटायचं की तंतू बऱ्याच पेशी एकमेकींना जोडून बनतो, त्या एका थेंबाने तो वाद मिटवला.

४. पण प्रोटीन यात नेमकं करतं काय? आम्हाला तर प्रोटीन म्हणजे डाळ-अंडी एवढंच माहीत.

डाळ-अंड्यातलं प्रोटीन पचून सुटं होतं आणि त्याच सुट्या मालातून शरीर स्वतःची हजारो वेगळी प्रोटीनं घडवतं. त्यातली काही तंतूच्या आत काम करतात आणि काही बाहेर वाटेवर उभी असतात. आधी आतली बघू.

ग्रोथ कोनच्या बोटांमध्ये ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्या असतात. पुढच्या टोकाला त्यात नवीन कडी जोडली जाते आणि त्याच वेळी अख्खी दोरी मागे ओढली जात असते, म्हणजे नुसतं असं सोडलं तर टोक जागच्या जागीच फिरत राहील, चिखलात ट्रॅक्टरचं चाक फिरतं तसं. पण ज्या बाजूला बोटाला खाली घट्ट धरायला काही मिळतं तिथं दोरी अडकते, मागची ओढ पुढच्या ढकलीत बदलते आणि पंजा त्या बाजूला सरकतो. त्याच्या मागून ट्युब्युलिनच्या जाड नळ्या येतात, मायक्रोट्युब्यूल, त्या आत शिरल्या की ती वाट पक्की झाली. या नळ्यांना ॲक्झॉनमध्ये टाऊ नावाचं प्रोटीन बांधून ठेवतं.

आता हे कुणाच्या हुकमाने? पेशीत रॅक, सीडीसी-४२ आणि रो अशी छोटी बटणासारखी प्रोटीनं असतात. पहिली दोन चालू झाली की पंजा पसरतो, बोटं फुटतात. रो चालू झालं की पंजा आक्रसतो आणि टोक कोसळतं. बाहेरून कुठलाही निरोप आला तरी शेवटी तो याच बटणांपाशी येतो, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

५. नेट्रिन हे नाव संस्कृतातून आलंय असं सर म्हणाले, खरं का?

खरंय. आपण "नेणे" म्हणतो, "नेता" म्हणतो, तोच धातू. संस्कृतातलं नेतृ म्हणजे घेऊन जाणारा, त्यावरून नेट्रिन. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्क टेसिए-लाविन यांच्या लॅबने १९९४ मध्ये हे प्रोटीन वेगळं काढलं, आणि त्यासाठी कोंबडीच्या गर्भाचे जवळपास २५,००० मेंदू गोळा करावे लागले. अंडं फोडून एक गर्भ नीट बाहेर काढायला आमच्या पोरांचं अर्धं प्रॅक्टिकल जातं, त्यावरून २५,००० म्हणजे काय ते मला कळतं.

काम काय त्याचं, तर पाठीच्या कण्यात शरीराच्या एका बाजूचे काही तंतू मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात आणि त्यांना त्या रेघेकडे नेट्रिन घेऊन येतं. जंतासारख्या एका बारीक किड्यात याचंच भावंड आधी सापडलं होतं, त्याचं नाव उंक-६, म्हणजे किड्यापासून माणसापर्यंत हीच पद्धत चालत आलीय. बरीच वर्षं पुस्तकात असं होतं की नेट्रिन मधल्या रेघेतून लांबवर पसरतं आणि तंतू त्या वासाने येतो. २०१७ मध्ये उंदरांवर काम झालं तेव्हा दिसलं की वाटेत जवळच्या पेशी जे नेट्रिन तंतूच्या पायाखाली अंथरतात तेच जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या नोट्स वापरणाऱ्या पोरांनी हे दुरुस्त करून घ्या.

६. आणि 'थांब' म्हणणारी प्रोटीनं कुठली?

भुसावळच्या लोकांना सेमाफोरिन सांगायला मला फार आवडतं. जुन्या रेल्वे सिग्नलचा हात, खाली पडला की गाडी येणार, आडवा असला की थांब, त्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात आणि या प्रोटीनचं नाव त्यावरूनच पडलं. १९९३ मध्ये कोंबडीच्या मेंदूतून यातलं एक सापडलं तेव्हा त्याला कोलॅप्सिन म्हटलं होतं कारण ते ग्रोथ कोनवर टाकलं की पसरलेला पंजा मिटून काडीसारखा होतो. मी त्याचा व्हिडिओ वर्गात दाखवते, लाजाळूचं पान मिटावं तसं दिसतं.

दुसरं स्लिट. हे मधल्या रेघेवरच बसलेलं असतं आणि ज्या तंतूकडे रोबो नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रोटीन, आहे त्याला "इकडे यायचं नाही" सांगतं. तिसरे एफ्रिन, हे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंना कुणी कुठं बसायचं ते ठरवून देतात, एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असा उतार असतो आणि तंतू त्या उतारावर आपली पातळी ओळखतो. रॉजर स्पेरीने १९६३ मध्ये असा रासायनिक पत्ता असणार हे मांडून ठेवलं होतं, प्रोटीन हाती लागायच्या कितीतरी आधी.

७. एकच प्रोटीन कधी ओढतं, कधी ढकलतं, हे कसं शक्य आहे? पेपरला आलं होतं आणि माझे मार्क गेले.

कारण निर्णय निरोपात नसतो, घेणाऱ्यात असतो. नेट्रिन तेच, पण तंतूकडे डीसीसी नावाचा रिसेप्टर असेल तर तो ओढला जातो आणि सोबत उंक-५ हा दुसरा रिसेप्टर असेल तर दूर पळतो. एवढंच नाही, १९९७ मध्ये असं दिसलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी, म्हणजे आतल्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू, कमी केलं तर तोच तंतू त्याच नेट्रिनपासून तोंड फिरवतो. आणि लॅमिनिन नावाच्या प्रोटीनच्या अंथरुणावर ठेवला तर ओढ सुद्धा ढकल होते. म्हणजे उत्तरपत्रिकेत "नेट्रिन आकर्षक प्रोटीन आहे" एवढंच लिहिलं तर अर्धेच मार्क मिळणार.

याहून छान उदाहरण मधल्या रेघेचं. तंतू रेघेकडे ओढला जातो, ओलांडतो, पण परत का येत नाही? फळमाशीत ओलांडायच्या आधी कॉमिशरलेस नावाचं प्रोटीन रोबोला वरपर्यंत पोचूच देत नाही, त्यामुळे स्लिटचं "येऊ नको" तंतूला ऐकूच येत नाही. ओलांडलं की ते प्रोटीन बंद, रोबो वर येतो आणि मागची वाट बंद होते. ज्या माशीत रोबोच बिघडलेला असतो तिचे तंतू रेघेवर गोल गोल फिरत राहतात, म्हणून त्या जीनचं नाव राउंडअबाउट, रस्त्यावरचं सर्कल.

८. नस वाढवणारं प्रोटीन शोधलं म्हणून एका बाईंना नोबेल मिळालं, त्या कोण?

रिटा लेवी-मोंतालचिनी. इटलीत १९३८ ला ज्यू लोकांविरुद्ध कायदे आले आणि त्यांना युनिव्हर्सिटीतून बाहेर पडावं लागलं, तेव्हा त्यांनी तुरिनच्या घरी स्वतःच्या बेडरूममध्ये लॅब केली, शिवणाच्या सुया घासून त्याची हत्यारं बनवली आणि कोंबडीची अंडी आणून गर्भातल्या नसा बघत बसल्या. बाहेर बॉम्ब पडत होते. नंतर १९४७ ला त्या अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. उंदराची एक गाठ कोंबडीच्या गर्भाला लावली की नसा तिच्याकडे भराभर वाढतात असं दिसलं, म्हणून १९५२ मध्ये त्या गाठीचे उंदीर पर्समध्ये घालून विमानाने रिओला नेले, तिथं टिश्यू कल्चर केलं, तर चेतापेशींच्या गाठोड्याभोवती तंतूंचं वलय फुललं, देवाच्या फोटोत डोक्यामागे असतं तसं.

ते प्रोटीन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. स्टॅन्ली कोहेन यांनी ते शुद्ध केलं, ते करताना सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीत ते भरपूर असतं हे जवळपास योगायोगानेच सापडलं. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. शिवणाच्या सुयांची गोष्ट मी आमच्या मुलींना दर वर्षी सांगते, ज्यांना घरी टेबल नसतं त्यांना तर मुद्दाम.

९. मग एनजीएफचं इंजेक्शन का देत नाहीत? आणि त्या 'नस वाढवणाऱ्या' पावडरी चालतात का?

पावडर आधी. तोंडाने घेतलेलं कुठलंही प्रोटीन पोटात तुटतं, ते अख्खं जाऊन तुमच्या मनगटातल्या नसेला भेटत नाही. बाजारात महागडे डबे घेऊन येतात लोक, कापसाचे पैसे आलेले असतात, आणि मला फोटो पाठवून विचारतात. माझं उत्तर कायम एकच, ते पैसे फिजिओथेरपीला आणि जाण्यायेण्याच्या भाड्याला ठेवा.

इंजेक्शनचं खरंच करून बघितलंय. डायबेटिसमुळे पायाच्या नसा जातात त्या पेशंटवर एनजीएफची मोठी ट्रायल झाली आणि फायदा दिसला नाही. शिवाय एनजीएफ दिलं की दुखतं, कारण मोठ्या माणसात ते दुखण्याच्या तंतूंना जागं करतं. ज्या मुलांमध्ये एनजीएफ पकडणारा ट्रकए रिसेप्टर जन्मतःच बिघडलेला असतो त्यांना वेदना कळत नाही, घामही येत नाही. म्हणून कंपन्यांनी उलटं करून बघितलं, एनजीएफ अडवणारं औषध सांधेदुखीला, दुखणं कमी झालं पण काही जणांचे सांधे झपाट्याने खराब झाले, ते औषध बाजारात आलंच नाही.

एक जागा आहे जिथं एनजीएफ औषध म्हणून चालतं, डोळ्याचे थेंब. बुबुळावरच्या नसा गेल्या की जखम भरत नाही, त्या आजारासाठी अमेरिकेत २०१८ ला या थेंबांना परवानगी मिळाली. तिथं प्रोटीन थेट जागेवर पडतं, पोटातून जायला लागत नाही, फरक तिथंच आहे.

१०. हाताची नस परत वाढते तर मणक्याची का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, विशेषतः झाडावरून किंवा गच्चीवरून पडलेल्यांच्या घरून, आणि उत्तर द्यायला सगळ्यात जड जातो.

हातापायाच्या नसेत प्रत्येक तंतूभोवती श्वान सेल नावाच्या पेशी गुंडाळलेल्या असतात. तंतू तुटला की त्या पळून जात नाहीत, त्या जुना कचरा साफ करतात, वाढीची प्रोटीनं सोडतात आणि रांगेत उभ्या राहून नवीन तंतूसाठी बोगदा धरून ठेवतात. मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत गुंडाळणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांच्या आवरणावर 'थांब' म्हणणारी प्रोटीनं असतात. झुरिचच्या मार्टिन श्वाब यांनी त्यातलं नोगो शोधलं, नावातच नो-गो आहे. त्यात जखमेच्या जागी वण तयार होतो आणि त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट लागलेली प्रोटीनं भरतात, ती सुद्धा वाट अडवतात. हे सगळे निरोप शेवटी प्रश्न ४ मधलं रो बटण दाबतात.

पण पेशीला वाढताच येत नाही असं नाही, हे समजून घ्या. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूवर पुलासारखा बसवला तर मज्जारज्जूचे तंतू त्या पुलातून सुमारे ३ सेंटीमीटर वाढले. जमीन बदलली तर बी उगवलं. पुढच्या टोकाला परत मज्जारज्जूत शिरताना मात्र ते थोडंसं जाऊन थांबले.

११. मग नोगो काढून टाकलं तर मणका जुळेल ना?

उंदरात नोगोला अडवणारी अँटिबॉडी दिल्यावर काही तंतू वाढले, हालचाल सुधारली. माणसांवरही मानेच्या ताज्या दुखापतीत ट्रायल झाली, सगळे पेशंट एकत्र बघितले तर ठरवलेल्या मोजमापात फरक दिसला नाही, ज्यांची दुखापत अर्धवट होती त्यांच्यात थोडी आशा दिसली, त्यावर काम चालू आहे.

दुसरी बाजू पेशीच्या आतली. मोठ्या वयाच्या चेतापेशीत पीटेन नावाचं प्रोटीन वाढीला ब्रेक लावून ठेवतं. २००८ मध्ये उंदराच्या डोळ्याच्या पेशीतून पीटेन काढलं तर तुटलेली डोळ्याची नस बरीच वाढली. पण पीटेन हाच शरीरात कॅन्सर अडवणारा ब्रेक आहे, तो सगळीकडून काढून चालणार नाही. म्हणून "अमुक देशात मणका जुळवतात" असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर आधी मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, मग काय ते ठरवा.

१२. तुटलेली नस रोज किती वाढते?

माणसात साधारण दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक इंच धरा. वेग एवढा कमी का, तर नवीन तंतूला लागणारं ट्युब्युलिन, ॲक्टिन सगळं मूळ पेशीकडून येतं आणि हा जड माल तंतूच्या आतून दिवसाला काही मिलिमीटरच सरकतो. हलका माल, म्हणजे बारीक पिशव्या, दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर पळतात, पण नुसत्या पिशव्यांनी भिंत उभी राहत नाही.

आता दादाचं सांगते. केळीची पानं कापताना कोयता निसटला, डाव्या हाताला मनगटाच्या वर चार बोटं लागला. पहिल्या दवाखान्यात फक्त कातडी शिवली, बोटं फाकवून दाखव असं कुणी म्हणालंच नाही. तीन आठवड्यांनी करंगळी वाकडी दिसायला लागली तेव्हा कळलं की करंगळीकडे जाणारी अल्नर नस तुटलीय. मग दुसऱ्या शहरात मायक्रोस्कोपखाली ती शिवली. हे वाचणाऱ्यांनी एवढं करा, मनगटाला खोल जखम झाली की डॉक्टरांना स्वतःहून विचारा, नस बघितली का.

ऑपरेशननंतर मी शिंप्याच्या टेपने मोजलं, जखमेपासून करंगळीच्या टोकापर्यंत २२ सेंटीमीटर. दर महिन्याच्या १ तारखेला नसेवर बोटाने हलकी टिचकी मारत खाली यायचं, जिथं टिचकी मारल्यावर करंगळीत करंट जातो ती जागा म्हणजे तंतूचं वाढतं टोक, तिथं निळ्या पेनाने खूण करायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पहिला महिना काहीच नाही, दादा म्हणाला राहू दे आता. दुसऱ्या महिन्यात ३ सेंटीमीटर. चौथ्यात मनगटाची रेघ ओलांडली आणि आईने शेजारपाजारी सगळ्यांना सांगितलं. या टिचकीला टिनेलची खूण म्हणतात, १९१५ पासून डॉक्टर ती वापरतात.

१३. करंट मारतोय म्हणजे बिघडतंय का?

बहुतेक वेळा उलट, कोवळं टोक हात लावला की चमकतं. खूण महिन्या-महिन्याला पुढे सरकते का ते बघा. एकाच जागी अडकली, तिथं गाठ लागते आणि हात लावला की जीव जातो, तर तंतूंना बोगदा सापडलेला नाही आणि ते जागीच गुंता करून बसलेत, सर्जनला दाखवा, थांबू नका.

१४. तुटल्यावर पुढचा तुकडा तसाच राहतो की मरतो?

मरतो. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. बरीच वर्षं वाटायचं की खाणं-पिणं तुटलं म्हणून उपाशी मरतो, पण ते पूर्ण खरं नाही, तंतू स्वतःच स्वतःला मोडतो. एनएमनॅट-२ नावाचं प्रोटीन पेशीकडून सतत येत असतं, ते यायचं थांबलं की सार्म-१ नावाचं दुसरं प्रोटीन जागं होतं आणि तंतूतला एनएडी, म्हणजे ऊर्जेसाठी लागणारा रेणू, संपवून टाकतं. २०१२ मध्ये सार्म-१ नसलेल्या उंदरात कापलेला तंतू कित्येक दिवस टिकलेला दिसला. हातापायात हे मोडणं गरजेचंच आहे, जुनी काडी उपटल्याशिवाय नवीन तंतूला बोगदा रिकामा मिळत नाही.

१५. नस जुळली पण एका बोटाला लावलं की दुसऱ्या बोटात कळतं, असं का?

बोगदे हजारो आणि तंतू हजारो, सर्जन बाहेरचं आवरण जुळवतो, आतला एकेक तंतू नाही. त्यामुळे काही तंतू चुकीच्या बोगद्यात शिरतात आणि मेंदूचा जुना नकाशा तोच राहतो. लहान मुलांचा मेंदू हे लवकर जुळवून घेतो, मोठ्यांना सराव लागतो. डोळे मिटून करंगळीवर ज्वारीचा दाणा, मग हरभऱ्याचा, मग कापसाचा बोळा फिरवायचा आणि ओळखायचं, फिजिओने आम्हाला हेच दिलं होतं.

याचा सगळ्यात विचित्र प्रकार चेहऱ्यावर दिसतो. चेहऱ्याचा लकवा बरा होताना लाळेकडे जाणारे तंतू चुकून अश्रूंच्या ग्रंथीकडे जातात, मग माणूस जेवायला बसला की एका डोळ्यातून पाणी येतं. आमच्या ओळखीच्या एका आज्जींना असं व्हायचं आणि घरच्यांना वाटायचं की त्या मुलाच्या आठवणीने रडतात.

१६. जन्मापासूनच तंतू चुकीच्या बाजूला गेले तर?

असं होतं, पण फार क्वचित, आणि त्यामुळेच वरची माशी-किड्यांची प्रोटीनं माणसातही तेच काम करतात हे पक्कं झालं. डीसीसी बिघडलेल्या काही लोकांना मिरर मूव्हमेंट असते, उजव्या हाताने लिहिलं की डावा हातही आपोआप तसाच हलतो. रोबो-३ बिघडलं तर डोळे डावी-उजवीकडे वळत नाहीत आणि पाठीचा कणा हळूहळू वाकडा होतो. कालमन सिंड्रोममध्ये वासाच्या नसा मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत, त्याच वाटेने जाणाऱ्या हार्मोनच्या पेशीही अडकतात, म्हणून वास येत नाही आणि वयात येणंही लांबतं. मुलगा सोळा-सतराचा झाला, आवाज फुटला नाही आणि त्याला वासही येत नाही, तर लाजून घरी बसवू नका, यावर हार्मोनचे उपचार आहेत.

१७. बी-१२ घेतलं तर नस वाढते का?

बी-१२ प्रोटीन नाही, व्हिटॅमिन आहे. कमी असेल तर नसेचं आवरण बिघडतं, मग ते घेतल्याने फायदा होतोच. आपल्याकडे शाकाहारी घरांत कमी सापडतं, तपासून घ्या. पण ते कमी नसेल तर कापलेली नस त्याने १ चे २ मिलिमीटर वाढत नाही.

१८. कुष्ठरोगात बोटं बधीर होतात, तिथंही हीच प्रोटीनं का?

हो, वेगळ्या बाजूने. कुष्ठाचा जंतू श्वान सेलवर लॅमिनिनला धरून चिकटतो आणि आत शिरतो, म्हणजे प्रश्न १० मध्ये जी पेशी बोगदा धरून ठेवते तीच आजारी पडते. त्यामुळे कोपरापाशी नस जाड लागते, करंगळी बधीर होते, दिसायला अगदी दादासारखीच वाकडी. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो, पण गेलेली नस परत येईलच असं नाही, म्हणून बधीर चट्टा दिसला की त्याच आठवड्यात जा. लपवण्यात जे महिने जातात ते नसेचे जातात.

१९. तुमच्या दादाचा हात आता कसा आहे?

दोन वर्षं होऊन गेली. शर्टाचं बटण लावतो, कळण्याची भाकरी एका हाताने मोडतो, केळीचा घड खांद्यावर घेतो पण कोयता अजून उजव्याच हातात. बोटं जुळवायला सांगितली की करंगळी जराशी बाहेर राहते. थंडीत तिचं टोक बधीर होतं, मागच्या पौषात चहाच्या गरम पातेल्याला लागली तर त्याला कळलंच नाही, वहिनीने फोड बघितला. टिचकी मारली तर आता कुठंच करंट लागत नाही. कॅलेंडरची ती पानं आईने काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलीत.